दुधात स्टार्च नसतो, मग हे थेंब कशासाठी? अन्न व औषध प्रशासनाच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई

विषय : सहा महिन्यांखालील बाळांना सर्रास दिले जाणारे पाचक एन्झाइमचे थेंब

महोदय,

सादर नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. बावीस वर्षं मी स्वतः काउंटरवर उभी असते. भिंतीवर आपल्याच खात्याने दिलेले औषधविक्रीचे 20 आणि 21 नंबरचे परवाने लावलेले आहेत आणि शेजारी अन्नपदार्थ विकण्याचा परवानाही आहे. औषधाचा आणि अन्नाचा असे दोन वेगळे परवाने एकाच भिंतीवर का लागतात, याचा संबंध या पत्राशी आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

माझ्या काउंटरवर आठवड्यातून किमान पाच-सहा वेळा एक संवाद होतो. बहुतेकदा बाळाची आजी आलेली असते. "ताई, बाळ दूध टाकतंय. पोट टम्म लागतंय, रात्रभर कळवळतंय. ते पचनाचे थेंब द्या की." चिठ्ठी नसते. असली तर तिच्यावर थेंबांचं नाव आणि "5 थेंब × 3" एवढंच असतं. किती दिवस द्यायचे आणि कशासाठी द्यायचे, हे लिहिलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. बाळ असतं तीन आठवड्यांचं, दीड महिन्याचं, फार तर तीन महिन्यांचं. बाटली पंधरा किंवा तीस मिलीची, आत गोड वासाचं द्रव, खोक्यावर गुटगुटीत हसरं बाळ. लेबल वाचलं तर अनेक बाटल्यांवर फंगल डायास्टेज आणि पेप्सिन असतं, काहींवर अल्फा अमायलेज आणि पपेन, आणि सोबतीला शेपूचं किंवा बडीशेपेचं तेल.

मी बी. फार्म. शिकले तेव्हा एन्झाइमच्या धड्यात पहिलंच वाक्य होतं, की प्रत्येक एन्झाइमचं काम ठरलेलं असतं. डायास्टेज आणि अमायलेज स्टार्च फोडतात, म्हणजे भात, भाकरी, बटाटा, साबुदाणा यांतला पिठूळ भाग. आता दीड महिन्याच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात काय असतं? दूध. आईच्या दुधात स्टार्च नसतो. त्यात असते दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, आणि ती फोडायला लागणारं लॅक्टेज पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या आतड्यात जन्मतःच भरपूर असतं. मग त्या बाळाला दिवसातून तीनदा दिलेलं डायास्टेज पोटात जाऊन कोणतं काम करतं? कोणतंच नाही, कारण तिथे त्याच्यासाठी काम नसतं.

बावीस वर्षं मी हा धडा पाठ असूनही ही बाटली विकत होते. यातली माझी चूक मी टाळणार नाही.

तान्ह्या बाळाच्या स्वादुपिंडात अमायलेज फार कमी तयार होतं, ही गोष्ट खरी आहे. कंपन्यांचे प्रतिनिधी हाच मुद्दा पुढे करतात : "मॅडम, बाळाचे एन्झाइम डेव्हलप झालेले नसतात." अर्धं खरं सांगून पूर्ण चूक गळी उतरवण्याचा हा प्रकार आहे. बाळाचं अमायलेज कमी असतं, कारण त्या वयात त्याला त्याची गरज नसते. स्निग्ध पदार्थ पचवणारं स्वादुपिंडाचं लायपेजही सुरुवातीला कमी असतं, पण ती उणीव जठरातलं लायपेज भरून काढतं, आणि त्याहून सुंदर गोष्ट अशी की आईच्या दुधातच एक लायपेज असतं, जे बाळाच्या पित्तातल्या क्षारांनी जागं होतं. आईच्या दुधात अमायलेजसुद्धा असतं. दूध स्वतःच्या पचनाची तयारी सोबत घेऊन येतं.

आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या आसपास उष्टावण करतात. मामाच्या मांडीवर बसवून बाळाच्या ओठाला खीर लावतात. ज्यांनी ही रीत घातली त्यांना अमायलेज माहीत नव्हतं, पण बाळाचं शरीर पिठूळ अन्नाकडे वळू लागतं त्याच सुमाराला ही रीत येते. जागतिक आरोग्य संघटनाही पहिले सहा महिने केवळ स्तनपान आणि त्यानंतर वरचं अन्न असंच सांगते. अडचण होते ती मधल्या काळात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोणी तांदळाची पेज किंवा साबुदाण्याचं पाणी बाटलीतून द्यायला लागतं तेव्हा. पोट फुगतं, शी बदलते, आणि मग थेंब मागायला माणूस दुकानात येतो. अशा वेळी पेज थांबवायची असते. पेज चालू ठेवून ती पचवायला बुरशीपासून काढलेलं एन्झाइम घालणं म्हणजे भांडं गळतंय म्हणून खाली दुसरं भांडं ठेवणं आहे.

पपेनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईची फोड टाकतात, ती ज्याच्यामुळे काम करते तेच हे पपेन. कच्च्या पपईच्या चिकातून ते काढतात. प्रथिनं तोडणं हे त्याचं काम आहे. काही लोकांना पपेनची तीव्र ॲलर्जी येते, आणि रबराच्या चिकाची ॲलर्जी असणाऱ्यांत हा धोका जास्त असतो. 2008 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जखमांवर लावायच्या, मान्यता न घेतलेल्या पपेनच्या मलमांची विक्री थांबवायला लावली, कारण रक्तदाब एकदम खाली जाण्यापर्यंतच्या गंभीर प्रतिक्रिया नोंदल्या गेल्या होत्या. ती मलमं होती आणि आपल्याकडचे थेंब तोंडावाटे देतात, दोन्हींची तुलना तंतोतंत होत नाही हे मला मान्य आहे. पण ज्याची गरजच नाही असा पदार्थ ज्याला बोलता येत नाही अशा जिवाला देताना "अजून काही झालेलं नाही" एवढ्या आधारावर द्यायचं का?

आता बाळ का रडतं, ते सांगते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आज्यांचं बाळ आजारी नसतं. 1954 साली अमेरिकेत वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटशुळाची एक व्याख्या केली : नीट दूध पिणारं, निरोगी बाळ दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त काळ रडत असेल तर त्याला कॉलिक म्हणावं. हे रडणं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याला कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. हा आलेख डोळ्यांसमोर ठेवला की थेंबांची कीर्ती कशी पसरते ते कळतं. आजी सहाव्या आठवड्यात, रडणं कळसाला असताना, बाटली नेते. दोन बाटल्या संपेपर्यंत बाळ अडीच-तीन महिन्यांचं होतं आणि रडणं ओसरतं. मग ती आजी शेजारच्या बाळंतिणीला सांगते, "आमच्या बाळाला त्या थेंबांनी गुण आला." ती खोटं बोलत नसते. तिने जे पाहिलं तेच ती सांगते.

काही बाळं शी करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं लालबुंद होऊन कुंथतात, रडतात, आणि शेवटी मऊ शी करतात. कोठा घट्ट नसतो. पोटाचा जोर लावताना खालचा स्नायू सैल सोडायचं कसब बाळाला अजून जमलेलं नसतं, इतकंच. अंगावर पिणारं बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पिवळी, दाणेदार शी करू शकतं आणि तेच बाळ महिन्याभराने आठवड्यातून एकदाच करू शकतं. दोन्ही ठीक. दूध पाजल्यावर तोंडातून थोडं दूध ओघळणं, गुळणी येणं, हेही ठीक. वजन वाढतंय का, एवढं बघायचं. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढ आणि दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होत असेल, तर त्या बाळाला दूध पचतंय.

इथे प्रयोगशाळांचाही हात लागतो. बाळाची शी तपासायला देतात आणि अहवालात येतं, "रिड्युसिंग शुगर पॉझिटिव्ह", "फॅट ग्लोब्युल्स +", म्हणजे शीत साखर आणि चरबीचे थेंब दिसले. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळात या दोन्ही गोष्टी नेहमी सापडतात, आणि शीचा आम्ल गुणही. अहवालातल्या त्या अधिकच्या खुणेवर लाल गोल ओढलेला असतो. आई तो कागद घेऊन माझ्याकडे येते तेव्हा तिचा चेहरा बघवत नाही. आपलं दूधच बाळाला बाधतंय, असं तिने धरलेलं असतं. काही जणी अंगावरचं दूध तोडून डबा सुरू करतात. त्या थेंबांच्या बाटलीची किंमत नव्वद-शंभर रुपये असते, पण त्या बाईने स्वतःच्या दुधावरचा जो विश्वास गमावलेला असतो तो परत आणणं सोपं नसतं.

महोदय, हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. तरी हे पत्र लिहायला मला एका बाळाने भाग पाडलं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. एक आजी आली, बाळ दीड महिन्याचं. "शी पांढुरकी होतेय, दूध पचत नाही वाटतं." मी थेंब दिले. शीचा रंग कसा पांढुरका, असं मी विचारलं नाही. दहा-बारा दिवसांनी घरातलं दुसरं कोणी चिठ्ठी घेऊन आलं. चिठ्ठीवर तेच थेंब. मी दिले. तिसऱ्यांदा आई स्वतः आली, बाळ खांद्यावर. थेंब संपले होते. बाळाच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात पिवळी छटा होती. मी विचारल्यावर ती म्हणाली, जन्मल्यापासून थोडी कावीळ आहे, कोवळ्या उन्हात धरलं की जाते म्हणाले. मी तिला आत बसवून लंगोट दाखवायला सांगितला. शी भिजलेल्या तांदळाच्या पिठाच्या रंगाची होती.

त्या बाळाला पित्तनलिकाच नीट नव्हत्या. बिलिअरी अट्रेझिया म्हणतात या आजाराला. यकृतातलं पित्त आतड्यात उतरत नाही, म्हणून शीला रंग येत नाही आणि यकृत आतल्या आत खराब होत जातं. कसाई नावाची शस्त्रक्रिया असते, जपानी सर्जनच्या नावावरून ओळखली जाणारी, आणि ती बाळ साठ दिवसांचं होण्याआधी झाली तर फायद्याची शक्यता बरीच जास्त असते. त्या दिवशी बाळ 81 दिवसांचं होतं. जिल्ह्याचं ठिकाण, तिथून पुणे, तपासण्या, पैशांची जुळवाजुळव. शस्त्रक्रिया झाली तेव्हा 96 दिवस झाले होते. बाळ आज आहे. त्याचं यकृत किती वर्षं साथ देईल हे डॉक्टर सांगत नाहीत.

त्या थेंबांनी त्या बाळाचं यकृत बिघडवलं, असं मी म्हणत नाही. थेंबांनी पाच आठवडे खाल्ले. "काहीतरी चालू आहे" या समाधानात घरचे थांबून राहिले. माझ्या दुकानातून दोन बाटल्या गेल्या आणि दोन्ही वेळा एक साधा प्रश्न विचारायचं राहून गेलं. एन्झाइमच्या थेंबांचा सर्वांत मोठा धोका मला बाटलीतल्या द्रवापेक्षा या वाया गेलेल्या दिवसांत दिसतो. हिरवी उलटी, शीतून रक्त, पोट फुगून कडक होणं, वजन न वाढणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, दोन आठवड्यांनंतरही टिकलेली कावीळ, पांढरी शी : यातलं काहीही असेल तर बाळ त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाच्या हातात असायला हवं. पण दारात सगळ्यांवर एकच उत्तर मिळतं, आणि ते आमच्या काचेच्या कपाटात ओळीने मांडलेलं असतं.

बाटलीतल्या द्रवाबद्दलही बोलायलाच हवं. एन्झाइम एकटं नसतं. त्याला विरघळवायला ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रोपिलीन ग्लायकॉल, मग रंग, वास, गोडी आणि टिकवण्यासाठीचे पदार्थ. 1986 साली जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले आणि त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने काय लिहिलं, हे आपल्या खात्याला मी सांगावं असं नाही. 2022 मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात सुमारे 70 मुलं गेली, ती भारतात बनलेल्या सिरपांशी जोडली गेली. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लेकरं गेली. त्यांतली कितीतरी आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत शेवटचे श्वास घेत होती. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल जवळजवळ निम्मं होतं. तेव्हा केंद्राने सांगितलं, दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नका. बरोबर केलं. मग त्याच द्रवांत विरघळवलेल्या, दोन महिन्यांच्या बाळाला दिवसातून तीनदा महिना-महिना दिल्या जाणाऱ्या पाचक थेंबांचे नमुने आपण त्याच चाळणीतून घातले का? हा मी आपल्याला विचारलेला थेट प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट दूषिततेची. 2013 साली अमेरिकेत काही कंपन्यांना पाचक एन्झाइमची सप्लिमेंट बाजारातून परत घ्यावी लागली, कारण त्यांत क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे अंश सापडले होते. टायफॉइडसाठी एके काळी आपल्याकडे घरोघरी गेलेलं हे औषध नवजात बाळांना का देत नाहीत, हे प्रत्येक फार्मासिस्टला ठाऊक आहे : बाळाचं यकृत ते निपटू शकत नाही आणि बाळ राखाडी पडतं. सापडलेले अंश अल्प होते आणि ती उत्पादनं तान्ह्यांसाठी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगते. मुद्दा असा आहे की एन्झाइम हे बुरशी, जिवाणू, पपई किंवा डुकराच्या जठरासारख्या जिवंत स्रोतांतून येतं, आणि स्रोतासोबत काय काय येतं हे तपासल्याशिवाय कळत नाही. 2014 साली अमेरिकेतच एका मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाचा जीव आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंच्या) पावडरमधल्या बुरशीने घेतला. ती पावडर अन्न म्हणून विकली जात होती. औषधासारखी कडक तपासणी तिच्याकडून कोणी मागितलीच नव्हती.

स्रोताचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगते. पेप्सिन बहुतेक वेळा डुकराच्या जठरातून काढतात. माझ्या गावातली अर्धी घरं माळकरी. बाळाला पहिल्या महिन्यात काय पाजलं जातंय, हे त्या घरांना सांगायला नको का? हे सुरक्षिततेच्या पलीकडचं आहे, पण माहिती लपवण्याचाच तो भाग आहे.

आता भिंतीवरच्या दोन परवान्यांकडे येते. माझ्या कपाटात शेजारी शेजारी दोन बाटल्या असतात. दोन्हींवर हसरं बाळ, दोन्हींत एन्झाइम, दोन्हींना ड्रॉपर. एकीवर औषध निर्मितीचा परवाना क्रमांक, दुसरीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक. पहिलीने औषध कायद्याच्या चाचण्या द्यायच्या, दुसरी अन्न म्हणून येणार. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, आणि खरं सांगायचं तर निम्म्या दुकानदारांनाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2016 च्या न्यूट्रास्युटिकल (आहारपूरक पदार्थांच्या) नियमांनी हेल्थ सप्लिमेंट हे पाच वर्षांवरील व्यक्तींच्या आहाराला पूरक म्हणून सांगितलं होतं. मग अन्न परवान्यावरच्या बाटलीवर रांगायलाही न लागलेलं बाळ कुठून आलं? 1992 च्या कायद्याने दुधाच्या डब्यावर बाळाचं चित्र छापायला आपल्या देशात बंदी आहे, का, तर आईला भूल पडू नये म्हणून. थेंबांच्या खोक्यावर मात्र ते चित्र राजरोस आहे.

केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये औषध कायद्याच्या 26अ कलमाखाली 156 मिश्र औषधांवर बंदी घातली. त्या यादीत अमायलेजपासून पपेनपर्यंत डझनभराहून जास्त एन्झाइम एकत्र घातलेलं एक मिश्रणही होतं. त्याच्या वापरात धोका संभवतो आणि त्याहून सुरक्षित पर्याय आहेत, असं कारण दिलं होतं. ती बंदी त्या एका मिश्रणापुरती होती, तान्ह्यांच्या थेंबांची नव्हती. पण पाचक एन्झाइम म्हणजे निरुपद्रवी चूर्ण, ही समजूत सरकारनेच मोडली, एवढं तरी त्यातून घेता येईल.

एक मात्र ठासून लिहायला हवं, कारण हे पत्र वाचून कुणा आईने भलतंच करू नये. काही बाळांना एन्झाइम खरोखर जीव वाचवणारं औषध असतं. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात बहुतेक बाळांचं स्वादुपिंड पुरेसा रस सोडत नाही. अशा बाळाला प्रत्येक पाजण्यासोबत स्वादुपिंडाची एन्झाइम लागतात आणि ती थांबवली तर बाळ खंगतं. ज्यांच्या बाळाला तज्ज्ञाने निदान करून ही औषधं दिली आहेत, त्यांनी एकही मात्रा चुकवू नये. पण तिथेसुद्धा शिस्त बघा. 1994 साली लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी पाच मुलांची नोंद केली. अति तीव्र एन्झाइम घेणाऱ्या त्या मुलांचं मोठं आतडं आकसून अरुंद झालं होतं. तेव्हापासून जगभर कमाल मर्यादा पाळतात : दर किलो वजनामागे दिवसाला लायपेजची 10,000 युनिट. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी वजनावर मोजलेली मर्यादा आणि ज्यांना गरज नाही त्यांच्यासाठी "पाच थेंब, तीनदा", बाळ अडीच किलोचं असो की सहा किलोचं.

बालरोगतज्ज्ञांनाही एक विनंती, ती या पत्रातूनच करते. आपल्यापैकी अनेक जण हे थेंब लिहीत नाहीत, हे मला चिठ्ठ्यांवरून दिसतं. जे लिहितात, त्यांतल्या काहींनी मला खाजगीत सांगितलं, "काही दिलं नाही तर ते दुसऱ्याकडे जातात." मला ती अडचण समजते, कारण माझ्याकडूनही ते शेजारच्या दुकानात जातात. तरी लिहायचेच असतील तर चिठ्ठीवर निदान लिहा आणि किती दिवस ते लिहा. ते दोन शब्द असले की मला काउंटरवर बोलायला जागा मिळते.

आजीला मी दोष देणार नाही. सहाणेवर वेखंड, जायफळ, मुरुडशेंग उगाळणारी तिची पिढी, आणि बाळ कळवळलं की हातात काहीतरी असायला हवं ही तिची तगमग. पहिल्या सहा महिन्यांत घुटीसुद्धा नको, हे मी तिला सांगते आणि ती माझ्यावर रागावते. पण तिला थेंबांऐवजी दुसरं काहीतरी करायला द्यावं लागतं. बाळ खांद्यावर उभं धरा, ढेकर काढा, पाय सायकलसारखे हलवा, आईला दोन तास झोपू द्या, मग या आणि वजन करून घ्या. दुकानात बाळांचा वजनकाटा मी गेल्या वर्षी आणला. वाढलेलं वजन काट्यावर दिसलं की चारातल्या तीन आज्या बाटली न घेता परत जातात. आशाताई जन्मानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतातच. त्यांनाही हे सांगता यावं एवढं प्रशिक्षण पुरेल.

आपल्याकडून मला जे हवं आहे ते सांगते. राज्यात तान्ह्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एन्झाइम थेंबांचे नमुने घ्या, औषध परवान्यावरचे आणि अन्न परवान्यावरचे दोन्ही, आणि ग्लायकॉलची, जंतूंची, प्रतिजैविकांच्या अंशांची तपासणी करून निकाल जाहीर करा. या कामाला महाराष्ट्र सोयीची जागा आहे, कारण अन्न आणि औषध दोन्ही आपल्याच एका छपराखाली आहेत. "हे आमच्याकडे येत नाही" असं म्हणायची वेळ आपल्यावर येत नाही. अन्न परवान्यावरच्या बाटल्यांवरून बाळाचं चित्र आणि बाळासाठीची मात्रा उतरवायला लावा. औषध म्हणून राहणाऱ्या बाटल्यांवर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत, एन्झाइम कशापासून काढलं आहे आणि निदानाशिवाय सहा महिन्यांखालील बाळाला देऊ नये, हे छापलं जावं यासाठी केंद्राकडे प्रस्ताव पाठवा. आणि आम्हा दुकानदारांना परिपत्रक काढा, की तान्ह्यांचे थेंब चिठ्ठीशिवाय द्यायचे नाहीत. माझ्या एकटीच्या नकाराला किंमत नाही, गिऱ्हाईक रस्ता ओलांडून पलीकडे जातं. सगळ्यांनी एकाच दिवशी नाही म्हटलं तरच ते घरी जाईल किंवा डॉक्टरकडे जाईल.

दुष्परिणाम नोंदवायला केंद्राची औषधदक्षता यंत्रणा आहे, 1800-180-3024 हा तिचा नंबर आहे. माझ्या तालुक्यातल्या किती दुकानदारांना तो ठाऊक आहे, हे आपल्या निरीक्षकांनी पुढच्या फेरीत विचारून पाहावं. मी तो आता काउंटरच्या काचेवर मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे.

आणखी एक, जे आपल्या खात्याचं नाही, सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे. तैवानने 2004 पासून देशभर बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड घातलं, कोणता रंग ठीक आणि कोणता दिसला की लगेच धावायचं हे चित्रांत. त्यानंतर तिथली बाळं शस्त्रक्रियेला वेळेवर पोचू लागली. आपल्या माता-बाल संरक्षण कार्डावर अशा सहा-सात रंगीत चौकटी छापायला कितीसा खर्च येणार आहे? आपण तो निरोप पलीकडच्या खात्यापर्यंत पोचवाल, अशी आशा आहे. तोवर मी स्वतः एक कार्ड छापून घेतलं आहे, छापखान्यात रंग जुळवायला दोन फेऱ्या झाल्या. कोणी तान्ह्यासाठी काहीही मागितलं की आधी ते कार्ड पुढे करते आणि विचारते, "मावशी, शी यातल्या कुठल्या रंगाची?"

कपाटातल्या एन्झाइम थेंबांच्या एकोणीस बाटल्या मी खाली उतरवून एका खोक्यात ठेवल्या आहेत. त्यांतल्या अकरा औषध परवान्यावरच्या, आठ अन्न परवान्यावरच्या. प्रत्येकीचा बॅच क्रमांक, मुदत आणि खरेदीचं बिल वहीत लिहून ठेवलं आहे. स्टॉकिस्टला त्या परत दिलेल्या नाहीत. आपले निरीक्षक येतील तेव्हा नमुने म्हणून घेऊन जाता येतील.

आपली विश्वासू,
एक फार्मासिस्ट,
जिल्हा सांगली